एक नंबरला पाया

माझे भावोजी गवंडी आहेत. कामावर त्यांना कुणी नावाने हाक मारत नाही, ओळंबा म्हणतात. दोरीला वजन बांधून भिंत सरळ आहे की नाही ते बघतात ना, तो ओळंबा. ज्याने हे नाव ठेवलं त्याला माझा नमस्कार. माणूस उंच, सडपातळ आणि कुठेही उभा केला तरी सरळ रेषेत. कुणी जेवायला बोलावलं तर हात धुवायच्या आधी यजमानांच्या भिंतीवरून हात फिरवतात. माझ्या सायकलच्या दुकानाची मागची भिंत एका अंगाने फुगली आहे, हे त्यांनी मला दुकान उघडलं त्याच दिवशी, गिऱ्हाइकांसमोर सांगितलं. मी आठवडाभर त्यांच्याशी बोललो नाही. मग तेच येऊन ती भिंत पाडून नवी बांधून गेले आणि वर चहासुद्धा घेतला नाही, म्हणून मला पुन्हा राग आला.

माझं डोकं लवकर तापतं आणि त्यांचं तापतच नाही. ताईने या माणसाबरोबर इतकी वर्षं संसार कसा केला असं मी एकदा तिला विचारलं होतं. ती म्हणाली, "तुझ्याबरोबर लहानपण काढलंय, त्यापुढे काय अवघड आहे?"

त्यांना एकच मुलगी. अंगाने बारीक, कायम काहीतरी उचलून नेत असते, म्हणून तिला मुंगी म्हणतात. बोलते कमी. भावोजीही बोलत नाहीत. त्या घरात बोलण्याचं सगळं काम ताईवर पडतं आणि रविवारी माझ्यावर.

आमच्या शहरात सरकारी शाळा पुष्कळ आहेत, पण त्यातल्या चार अशा की तिथे जायला परीक्षा द्यावी लागते. फी नाही, मास्तर चांगले, आणि तिथली मुलं पुढे नाव काढतात. त्यामुळे मूल सहावीत गेलं की आईबापांच्या अंगात येतं. ज्याने आयुष्यात पुस्तकाला हात लावला नाही तोसुद्धा न्हाव्याच्या खुर्चीत बसून कुठल्या शाळेचं गणित चांगलं ते सांगतो. अर्जात चारही शाळा पसंतीच्या क्रमाने लिहायच्या असतात. आपली मुंगी हुशार, हे तिच्या बाईंनीच ताईला बोलावून सांगितलं होतं. तेव्हापासून ताईच्या तोंडी दुसरा विषय नव्हता.

शाळा पालकांना दाखवायला उघडल्या, तेव्हा आम्ही चौघंही गेलो. मी काय नमुना बघितला म्हणून सांगू! टेकडीवरच्या शाळेत एक तरुण मास्तर प्रयोगशाळा दाखवत होते. सगळे पालक काचेच्या नळ्यांकडे बघत होते आणि आमचे भावोजी छतावरच्या ओलीच्या डागाकडे. मास्तरांनी विचारलं, "काही शंका आहे का?" तर हे म्हणाले, "वर पाण्याची टाकी आहे का हो?" मास्तर बिचारे म्हणाले की टाकी दुसऱ्या बाजूला आहे. यांचं समाधान होईना. घड्याळाच्या मनोऱ्याच्या शाळेत जिना मोजला, नदीकाठच्या शाळेत ओल बघितली. आमच्या वस्तीजवळची चौथी शाळा चारातली सगळ्यात साधी. तिथे प्रवेश मिळणं त्यातल्या त्यात सोपं. तिच्या एका बाजूच्या खोल्या स्वतः भावोजींनीच बांधल्या होत्या. तिथे ते इतका वेळ रेंगाळले की शिपायाने दिवे मालवायला सुरुवात केली.

मुंगी टेकडीवरच्या शाळेत एकदाच हरवली. शोधत गेलो तर गच्चीवर. तिथली मुलं रोज वारा आणि पाऊस मोजून फळ्यावर लिहितात, त्या यंत्राजवळ एका मोठ्या मुलीशी बोलत उभी होती. ताईने तिला दंडाला धरून खाली आणलं, कारण मुख्याध्यापकांचं भाषण सुरू झालं होतं.

अर्ज भरायच्या आठवड्यात मी बाहेरगावी होतो. मी असतो तर असं होऊ दिलं नसतं, असं मी नंतर शंभर वेळा म्हणालो. शेवटी ताई म्हणाली, "तू असतास तर काय दिवे लावले असतेस?" तिचंही बरोबर आहे. त्या घरात कागदावरचं काम भावोजी करतात, कारण त्यांचं अक्षर मोत्यासारखं आणि खाडाखोड शून्य. त्यांनी अर्ज भरला, ताईने न वाचताच सही केली, आणि मुंगीने परीक्षा दिली.

निकाल आला त्या संध्याकाळी मी ताईकडे गेलो. जिन्यातच भावोजी भेटले. हातात आइस्क्रीमचा मोठा डबा आणि चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं हसू. शेजाऱ्यांच्या दारांवर स्वतः टकटक करत होते. हा माणूस, ज्याला शेजारच्यांची नावं माहीत नाहीत!

"मिळाली," मला म्हणाले. "एक नंबरची मिळाली."

मी मुंगीला उचलून गोल फिरवलं. मग ताईच्या फोनवर गुण बघितले. आमच्या खानदानात कुणाला इतके गुण पडल्याचं ऐकिवात नाही. चारही शाळांत प्रवेश मिळालेल्या शेवटच्या मुलाचे गुण खाली दिलेले होते. मुंगी टेकडीवरच्या शाळेच्याही रेषेच्या वर होती. टेकडीवरची शाळा म्हणजे चारातली सगळ्यात अवघड.

"वा! म्हणजे टेकडीवर चालली आमची मुंगी!" मी म्हणालो.

"नाही, अजून नाही," भावोजी म्हणाले. "आता आपल्या जवळची मिळाली. पुढे चढवतील ना वर."

मला वाटलं ते थट्टा करताहेत. पण हा माणूस थट्टा करत नाही.

"भावोजी, टेकडीवरची कितव्या नंबरला लिहिलीत?"

"चौथ्या. छप्पर ना ते!"

ताईच्या हातातला चमचा तिथेच थांबला. भावोजींनी मग आम्हाला समजावून सांगितलं, इतक्या शांतपणे की मला ओरडता येईना. कामाच्या जागी रोजच्या कामांची यादी लावतात. एक नंबरला पाया, मग जोतं, मग भिंती, शेवटी छप्पर. खालचं पक्कं झालं की वरचं हाती घ्यायचं. तसंच त्यांनी लिहिलं. सगळ्यात खात्रीची शाळा एक नंबरला, म्हणजे ती आधी पक्की होईल. मग मुलीचे गुण जितके, तितके वरचे मजले चढवत नेतील. उलटं कोण लिहील? आधी छप्पर घालून मग पाया कोण खणतो?

मी कपाळाला हात लावला. दारात शेजारच्या आजी आइस्क्रीमची वाटी घेऊन उभ्या होत्या आणि "अभिनंदन हो!" म्हणत होत्या. भावोजींनी त्यांना अजून थोडं वाढलं.

दुसऱ्या दिवशी भावोजींनी काम बुडवलं. ही गोष्ट इतक्या वर्षांत घडली नव्हती. मी सोबत गेलो. प्रवेश शाखेच्या खिडकीत एक वयस्कर बाई होत्या, मायाळू, पण रोज असल्या रडकथा ऐकून थकलेल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"अहो, एक नंबरला जी लिहिता ती मिळाली की विषय संपला," त्या म्हणाल्या. "तुम्हाला हीच हवी होती असंच आम्ही समजणार."

"माझ्या हातून चूक झाली," भावोजी म्हणाले. "भिंत चुकली तर मी पाडून पुन्हा बांधतो. खर्च माझा. तसं काही करता येईल का?"

बाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, "पाडता येईल. मिळालेली जागा लेखी सोडून द्यायची. मग टेकडीच्या प्रतीक्षा यादीत नाव घालता येतं. पण उशिरा आलेली नावं शेवटी जातात, गुण कितीही असोत. जागा निघाली तर मिळेल. नाही निघाली, तर ही गेली आणि तीही गेली. मग तुमच्या कोपऱ्यावरची बिनपरीक्षेची शाळा आहेच."

विचार करायला शुक्रवारपर्यंतचा वेळ होता.

घरी जे झालं ते मी विसरणार नाही. सकाळपर्यंत भावोजींशी एक शब्द न बोलणारी ताई एकदम त्यांनी लिहिलेल्या शाळेच्या बाजूची झाली. "हातचं सोडून पळत्याच्या मागे लागायचं नसतं," ती म्हणाली. "पदरी पडलं पवित्र झालं. ती काय वाईट शाळा आहे का? यांनी स्वतः बांधलीय." मी म्हणालो, दैवाने टेकडीपुरते गुण दिले आणि आपण हाताने घालवले तर मुलगी जन्मभर बोलेल. ताई म्हणाली, तुला मूल नाही, तू गप्प बस. मला ते लागलं, आणि मी दार आपटून गॅलरीत गेलो. तिथून सगळं ऐकू येत होतं, म्हणून पुढे गेलो नाही.

मुंगी टेबलाशी बसून पेन्सिलीला टोक करत होती. ती म्हणाली, "बाबा, मला ही शाळा चालेल. खरंच. जवळ पण आहे. पावसात भिजायला नको."

भावोजी तिच्यासमोर येऊन खाली जमिनीवर बसले.

"असं बोलू नकोस," ते म्हणाले. "मला समजावू नकोस. चूक माझी आहे. तू माझ्यावर रागाव."

"मी नाही रागावले."

"रागाव. मी तुझ्यावर रागावतोच ना, चुकलीस की?"

मुंगी पेन्सिलीला टोक करत राहिली. मग पेन्सिल ठेवली. आणि त्या पोरीने, जिचा आवाज आम्ही पाहुण्यांसमोर कधी ऐकला नव्हता, इतक्या मोठ्याने ओरडून सांगितलं की मी गॅलरीतला कठडा धरला.

"तुम्ही मला विचारलंच नाही! कुणीच विचारलं नाही! तुम्ही भिंती बघितल्या, आईने बस बघितली, मामाने तर नुसते विनोद केले! परीक्षा मी दिली! मला एकदा तरी विचारायचं होतं, तुला कुठली हवी म्हणून!"

मग रडली. ताई उठली तर भावोजींनी हाताने तिला थांबवलं. तिला पुरतं रडू दिलं. मला आत जावंसं वाटलं आणि लाजही वाटली. आम्ही तिघं मोठी माणसं, घरात महिनोन्‌महिने दुसरा विषय नव्हता, आणि पोरीला एका शब्दाने कुणी विचारलं नव्हतं.

भावोजींनी मग विचारलं. अगदी साध्या आवाजात. "तुला कुठली हवी?"

"टेकडीवरची."

"तिथे मिळेल असं नाही. ही सोडली तर कदाचित काहीच मिळणार नाही. कोपऱ्यावरच्या शाळेत जावं लागेल. तिथले बाक मोडके आहेत."

"माहितीय."

"मग? मन नाही ना खाणार तुझं?"

मुंगीने बाहीने नाक पुसलं. "खाईल," ती म्हणाली. "पण मग ती चूक माझी असेल."

ज्या माणसाने आयुष्यात पायाखाली पक्कं काही असल्याशिवाय पाऊल उचललं नाही, त्याच्याकडे त्याची मुलगी ही मागणी करत होती. ताई मान हलवत होती, नको, नको. भावोजी म्हणाले, "बरं. उद्या तूही चल खिडकीवर." शुक्रवारची वाटसुद्धा बघितली नाही. मला त्या क्षणी हा माणूस फार आवडला. तसं मी त्यांना सांगितलं नाही, कारण आमच्यात तशी पद्धत नाही.

जागा सोडली. कागदावर सही भावोजींची होती, पण लेखणी त्यांनी आधी मुंगीच्या हातात दिली आणि कारणाच्या रकान्यात काय लिहायचं ते तिला लिहू दिलं. खिडकीतल्या बाईंनी तो कागद दोनदा वाचला.

मग शाळा उघडल्या. मुंगी कोपऱ्यावरच्या शाळेत जाऊ लागली. ताई तिला सोडून परत येताना वाटेत कुणी "कुठे मिळाली हो?" असं विचारलं की सरळ रस्ता बदलायची. मला दोन-तीनदा म्हणाली, आपण वेडे आहोत. मी पहिल्यांदाच तिच्याशी भांडलो नाही. भावोजी रोज कामावरून आले की मुंगीजवळ बसायचे आणि आज काय झालं ते विचारायचे. सुरुवातीला त्यांना विचारताच येत नव्हतं, "झालं का सगळं?" एवढंच म्हणायचे. हळूहळू जमायला लागलं. मुंगी सांगायची, आणि त्यांना न पटणारं असलं तरी मध्ये बोलायचे नाहीत. हे त्यांना जड जात होतं, दिसत होतं.

एका रविवारी दोघं माझ्या दुकानात आली. मुंगीच्या सायकलची साखळी पडत होती. मी तिला ती स्वतःच बसवायला लावली. तिचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते आणि मी तिला कामचुकार वगैरे म्हणत होतो, तेवढ्यात भावोजींचा फोन वाजला. रविवारी त्यांना कुणी फोन करत नाही.

"हो," ते म्हणाले. "हो, मुलीचा बाप बोलतोय." पलीकडून खिडकीतल्या बाईंचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. भावोजींनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग ते म्हणाले, "जरा थांबा. मला सांगू नका. तिला देतो."

त्यांनी फोन मुंगीपुढे धरला. तिने आपले काळे हात बघितले, तसेच पुढे केले आणि फोन घेतला. भावोजी माझ्याकडे बघत होते आणि मी त्यांच्याकडे, आणि आम्हा दोघांना काहीही माहीत नव्हतं.

"हो, मीच," मुंगी म्हणाली. "हो... हो, टेकडीवरचीच हवीय... नाही, बाबांना विचारायला नको. त्यांनी मला विचारलंय. मी उद्या येते."