निमगावचा एकमताचा आलेख

निमगाव केतकीला मी गेले ती एका आलेखावर चिडून. आम्ही काही जण हौसेनं एक फुकट ॲप चालवतो. फळबागेत कुठल्या दिवशी कुठलं औषध फवारलं, याची ती वही. कोड सगळ्यांसाठी खुला आहे, पण नोंदी ज्याच्या त्याच्या फोनमध्येच राहतात, आम्हाला दिसत नाहीत. म्हणून लोकांनाच विचारायचं ठरलं. प्रश्न काढणं, उत्तरं गाळणं, आलेख करणं, सगळं माझ्याकडे.

'बोलून नोंद' ही सोय कोणीच वापरत नाही, असं आलेख ठणकावून सांगत होता. सांभाळायला ती सगळ्यांत किचकट, त्यामुळे रविवारच्या बैठकीत तिला नारळ द्यायचं जवळपास पक्कं होतं. पण निमगावची उत्तरं शेवटच्या खुणेपर्यंत सारखी निघाली. कोणीतरी एकट्यानेच बसून भरली असतील तर माझा आलेख गेला ना कचऱ्यात! शुक्रवारी सुट्टी टाकली.

स्वारगेटहून सकाळची बारामती एसटी पकडा. बायकांना अर्धं तिकीट आहे, पण खिडकी हवी असेल तर लवकर जा. बारामती स्टँडवर चहा-भजी खाऊन इंदापूरची गाडी घेतली. भवानीनगरच्या आसपास उसाच्या ट्रॅक्टरमागे इतके रेंगाळलो की शेजारच्या आजी म्हणाल्या, "उतरून चालत गेलीस तर आदी पोचशील."

उतरल्यावर तात्या मोटरसायकल घेऊन उभेच होते. हे गावातल्या डाळिंबवाल्यांच्या गटाचे अध्यक्ष. मी नमस्कार करून थेट मुद्द्यावर आले.

"तात्या, सगळ्यांची उत्तरं एकसारखी कशी?"

"मीटिंग घेतली की! मी एकेक सवाल वाचला, हात वर झालं, एकमतानं मंजूर. मग समद्यांनी तसंच भरलं."

"पण ज्याचं त्यानं भरायचं होतं."

"आन् गटात फूट हाय म्हनून दिसलं असतं, त्ये?"

मी कपाळावर हात मारला. सोसायटीचा ठराव करावा तशी पाहणी केली होती या माणसानं, आणि वर खूश!

बागेत गेलो. तात्यांच्या पत्नी, काकू, पंपाशेजारी उभ्या राहून फोनशी बोलत होत्या. "आज खालच्या तुकड्यात बुरशीचं औषध. दोन ड्रम." स्क्रीनवर अक्षरं उमटली. आमचीच सोय!

तात्या माझ्याहून चकित. "ही नोंद तू करतीस व्हय? मला वाटलं, गडी करतोय."

"तुमी इचारलं कवा?"

ही सोय काढली तर काय होईल, असं मी भीतभीत विचारलं.

"मला टाइप करता येत न्हाय. नोंद न्हाय तर शेवटची फवारणी कवा झाली, कुणाला ठावं? व्यापारी मालाला हात तरी लावंल का?"

मग मी माझ्या फोनवर पाहणीचा फॉर्म उघडला. गावाचं नाव टाकलं आणि पहिला प्रश्न वाचला, "तुम्ही शेतकरी आहात का?"

"न्हाय बाई. शेतकरी ह्ये." त्यांनी तात्यांकडे बोट केलं. "मी आपली काम करती."

मी 'नाही' दाबलं. स्क्रीनवर आलं, 'धन्यवाद. ही पाहणी फक्त शेतकऱ्यांसाठी आहे.' फॉर्म बंद. ते वाक्य मीच लिहिलं होतं. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

बाजरीची भाकरी, दोडका आणि शेंगदाण्याची चटणी, असा झकास बेत होता. काकूंनी आग्रह करकरून वाढलं.

रविवारी बैठकीत सगळं सांगितलं आणि आलेख मागे घेतला. 'बोलून नोंद' बचावली. त्या दिवशीच घरी बसून मी गाळून टाकलेल्या उत्तरांची फाइल पहिल्यांदा उघडली. मला वाटलं होतं, चार-दोन असतील. खाली सरकवत गेले तर संपेचनात. सुपे, माळेगाव, इंदापूर. प्रत्येक ओळीत गावाचं नाव आणि पुढे त्या पहिल्या प्रश्नाला एकच शब्द, 'नाही'. आलेखात मोजली त्यांच्यापेक्षा ही माणसं जास्त होती. आता या सगळ्यांना पुन्हा विचारायचं आहे, आणि मी त्यांची नावंसुद्धा घेतली नव्हती.