अण्णांचं खोकणं

मंडळी, आज सकाळी राजुरीत माझ्या चुलत्यांचा, अण्णांचा दशक्रिया विधी झाला. नकला करायला मी त्यांच्याकडूनच शिकले. माझ्या स्टँडअपमधले, फोनवर थाप मारण्याआधी खोकणारे काका म्हणजे तेच. त्यांना मी कधी विचारलं नव्हतं, चालेल का म्हणून.

प्रवचन झालं, पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं झाली. मग माईकवरून पुकारा झाला, "आता आपल्या गावची कॉमेडी अभिनेत्री दोन शब्द बोलंल."

उभी राहिले, पण काही सुचेना. सवयीने तोंडातून तोच किस्सा सुरू झाला. अण्णा घरात बाजेवर बसलेत आणि फोनवर सांगतायत, "आळेफाट्यावर आलोय राव!" तेवढ्यात भान आलं आणि मी थांबले.

पुढे बसलेली काकू म्हणाली, "अगं, आदी खोकायचं राह्यलं की!"

काकूने माझा कार्यक्रम पाहिलाय, हे मला माहीतच नव्हतं.

मी खोकले. मांडव हसला. काकूही तोंडाला पदर लावून हसली. मला काहीच वाटलं नाही.

निघताना मी विचारलं, "काकू, शनिवारच्या शोमधून हे काढून टाकू का?"

"नको, राहू दे. घरात आता कोण खोकतंय?"

एसटीत बसून हे लिहितेय. दहा दिवसांत मला एकदाही रडू आलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाचं असं झालंय का, की माणसाची नक्कल बिनचूक जमते आणि त्याच्यासाठी रडणं जमत नाही?