निळं गांडूळ

काल नर्सने दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवला आणि मला हसू आलं. "सुई टोचून राह्यली अन् हसता काहून?" माझी बायको सुनंदा म्हणाली. त्या वासाने मला केव्हाच बिरशाच्या जंगलात नेलं होतं.

गांडुळांच्या जाती ओळखणं हे माझं काम. बऱ्याच वर्षांपूर्वी त्यासाठीच त्या जंगलात गेलो, तेव्हा सुनंदा सहज सोबत आली होती. सडका ओंडका उलटला आणि खालच्या काळ्या मातीत एक गांडूळ दिसलं, पाण्यावर रॉकेल सांडावं तसं निळं चमकणारं. गांडुळांच्या अंगावर असतो तो जाडसर पट्टा भलत्याच जागी. जात नवीन असेल तर? पण आत उघडून पाहिल्याशिवाय ते ठरत नाही, आणि त्यासाठी आधी त्याला स्पिरिटमध्ये टाकावं लागतं.

"सोडून द्या न त्याले," सुनंदा म्हणाली.

"मग नाव कसं देणार?"

"त्याले काय करायचं तुमचं नाव?"

मी बाटली उघडली. हात थरथरत होते. बघता बघता निळं राखाडी झालं.

जात नवीनच निघाली. त्या जिवाच्या दयेने हात थरथरले, असं मी सगळ्यांना सांगत आलो. खरं तर ते आनंदाने थरथरले होते. तेवढा आनंद मला आधी कधी झाला नव्हता, आणि त्याचीच लाज वाटत राहिली. काल घरी येताना सुनंदाला एकदाचं सांगून टाकलं.

"हौ, माहीत आहे मले," ती म्हणाली. "गाडीपर्यंत शीळ वाजवत आलते तुम्ही."