माजून उतरेपर्यंत

खद्दूजच्या सख्ख्या बहिणीचं घर इतकं जवळ होतं, की तिकडे तव्यावर रोटी करपली तर वास इकडे यायचा. तरी कित्येक वर्षं खद्दूजने तिचा उंबरा ओलांडला नव्हता.

बाब ताझा गावाच्या वरच्या डोंगरात या दोन बहिणी दोन भावांना दिलेल्या. खद्दूज थोरल्या मफद्दलला, शामा धाकट्या बूसल्हामला. सासरा गेला आणि झऱ्याच्या पाण्याच्या पाळीवरून भावांचं फाटलं. मफद्दलने पाट वरच अडवून सगळं पाणी आपल्या किफच्या, म्हणजे गांज्याच्या, वाफ्यांना वळवलं. खाली बूसल्हामचा मळा वाळला, ऑलिव्हची झाडं तेवढी तगली. बायकांना कुणी काही विचारलं नाही. झऱ्यावर घागर भरताना किंवा कुणाच्या लग्नात दोघी बोलायच्या, तेवढंच.

त्यांची आई लग्नघरांसाठी माजून करायची. खजूर, अक्रोड, मध, तूप आणि त्यात किफ. मुलींना तिने प्रमाण शिकवलं, आणि कुणाचं प्रमाण चुकलं तर काय करायचं तेही. पोटातून चढतं ते उशिरा चढतं आणि उतरतंही उशिरा, ती सांगायची. ओढून काढायला जाऊ नका, सोबत बसा. आईच्या मागे हे बसण्याचं काम खद्दूजकडे आलं. ती फार बोलायची नाही, आणि या कामाला तेच बरं होतं.

मफद्दलची गोष्ट वेगळी. मिसरूड फुटल्यापासून त्याच्या तोंडात किफची चिलीम. माजून म्हणजे बायकांचा खाऊ, असं तो म्हणायचा. शेजारच्या अल्लालच्या मुलीचं लग्न होतं, तिथे जेवणानंतर त्याने एक गोळा खाल्ला. बराच वेळ काही झालं नाही. यात नुसते अक्रोडच घातलेत वाटतं, असं चार जणांत म्हणून त्याने आणखी एक उचलला, मग आणखी एक. उन्हं कलायच्या आधीच दोघांनी त्याला धरून घरी आणला. चेहरा पांढराफटक, तोंड कोरडं, आणि हात छातीवर.

मागोमाग सल्लेही आले. एकाला त्याच्या डोक्यावर गार पाण्याची बादली ओतायची होती. दुसरा म्हणाला, हम्मामात नेऊन घाम काढू. कडक कॉफी पाजा, असं तिसऱ्याचं मत. खद्दूजने कुणाशी वाद घातला नाही. हम्मामाच्या वाफेत तो भोवळ येऊन पडेल, एवढं मात्र सांगितलं. मग सगळ्यांना बाहेर काढलं. चिलीम उचलून फडताळात ठेवली. मागोमाग आलेल्या अल्लालला म्हणाली, गाडी दाराशी असू दे. हाक मारून याने डोळे उघडले नाहीत, श्वास अडकला किंवा छातीत कळ आली, तर सरळ दवाखान्यात न्यायचं.

खिडकीवर तिने चादर टाकली. मफद्दलला कुशीवर निजवलं, पाण्याचा घोट दिला, रोटीचा तुकडा हातात दिला आणि उशाशी बसली.

"मी चाललो," मफद्दल म्हणाला.

"कुठे नाही चाललास. माजून जास्त झालंय. उतरेल."

"हात माझे नाहीत हे."

"तुझेच आहेत. मळके आहेत बघ."

 मग त्याला मरण दारातच दिसू लागलं आणि मरणाऱ्या माणसासारखा तो एकेकाची माफी मागू लागला. बायकोची मागितली. विकलेल्या खेचराची मागितली. आणि मग मोठ्याने म्हणाला, "बूसल्हामला बोलवा. त्याचं पाणी मी खाल्लं. सगळ्यांसमोर सांगतो, त्याची पाळी त्याला दिली."

शामा दारात उभी होती. गलका ऐकून लग्नातून तशीच निघाली होती, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा या घरात आली होती. तिने सगळं ऐकलं.

"मी घेऊन येते त्यांना," ती हळूच म्हणाली. "आत्ता म्हणतोय तर म्हणू दे. अंगणात साक्षीला माणसं आहेत."

खद्दूजच्या मनात तेच येऊन गेलं होतं. एक हाक, आणि दोन घरांमधला रस्ता मोकळा होता. तिने नवऱ्याकडे पाहिलं. डोळे लाल, दाराकडे लागलेले, अंगणातल्या प्रत्येक आवाजाला दचकणारे.

"नको," ती म्हणाली.

"तुला तुझ्याच घरचं पाणी प्यारं."

"माणसं आत आली की हा आणखी घाबरेल. आणि उद्या म्हणेल, नशेत असताना मला लुटलं. मग तू झऱ्यावरसुद्धा माझ्याशी बोलायची नाहीस."

शामाचा चेहरा उतरला. तिने चपला घातल्या. पण गेली नाही; पुन्हा काढल्या आणि उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकून बसली. खद्दूजने उठून दार लावून घेतलं.

संध्याकाळपर्यंत दोघी तिथेच होत्या. मफद्दल तीच तीच माफी मागायचा, खद्दूज तेच तेच उत्तर द्यायची. मधूनच हाक मारून पाहायची. तो ओ द्यायचा. ढोलांचा आवाज आला की शामा खिडकीवरची चादर नीट करायची. अंधार पडता पडता त्याला साधी झोप लागली. तेव्हा शामा उठून गेली.

दुसऱ्या दिवशी तो उशिरा उठला. डोकं जड होतं, पण हात त्याचेच होते. खद्दूजने बाकल्याच्या डाळीचं घट्ट कढण, बिसारा, आणि रोटी पुढे ठेवली.

"काय काय बोललो?"

तिने सगळं सांगितलं. आपलं काही त्यात घातलं नाही.

"नशेत माणूस काहीही बोलतो."

"म्हणून तर कुणाला आत घेतलं नाही. शामाने तेवढं ऐकलं. काल अंधार पडेपर्यंत ती इथेच बसली होती."

तो खात राहिला. खद्दूजने भांडी आवरली, कमरेला पट्ट्यांचं फडकं गुंडाळलं, डोक्यावर गवताची टोपी घातली. शामा बसायला आली, आता मला तिच्याकडे जायला हवं, असं ती म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं.

मफद्दलने वाटी पुसून घेतली. ती दारात पोहोचली तेव्हा तो भिंतीकडे बघत बोलला.

"बूसल्हामला म्हणावं, तुझ्या बाजूचा पाट गाळाने भरलाय. साफ करून ठेव."

पाणी यायचं नसेल तर कोरडा पाट कुणी साफ करायला सांगत नाही.  दार उघडंच टाकून खद्दूज उतरणीला लागली.