अक्कानं केलेली धारेची फळी

लग्न होऊन मी सोलापुरात आले, तेव्हा घरात आम्ही दोन जावा झालो. सासरचं मूळ गाव माळशिरसकडचं. दुष्काळात विहीर आटली, तशा सासूबाई दोन्ही मुलांना घेऊन शहरात आल्या आणि दोघे भाऊ अक्कलकोट रोडच्या एका कारखान्यात मागावर लागले. थोरल्या जावेला मी अक्का म्हणत असे. ती उंच, सावळी, हळू आवाजात बोलणारी. तिला मूल नव्हतं. ही गोष्ट मला पहिल्याच दिवशी सासूबाईंनी सांगितली, जणू घरातली मोरी कुठं आहे हे सांगावं तशी.

आम्हा दोघींना घरी टॉवेल कापायचं काम होतं. मागावरून टॉवेल सुटे येत नाहीत, एकाला एक जोडून लांबच लांब येतात. मधे चार बोटं नुसते उभे धागे सोडलेले असतात. तिथं सुरी चालवायची, की दोन्हीकडं दशा सुटतात. ऐकायला सोपं; पण सुताला खळ असते आणि खळीनं धार बघता बघता मरते. बोथट सुरी धागा कापत नाही, ओढते. ओढला की टॉवेलाचा काठ उसवला आणि कारखान्याच्या शेठनं माल परत पाठवला.

गल्लीत सायकलवर चाक फिरवत धारवाला यायचा. ठिणग्या उडवून धार लावायचा, ती दोन दिवस टिकायची. "धार लावतोय का पातं खातोय?" अक्का म्हणायची. मग ती स्वतः कुरुंदाच्या दगडावर घासू लागली. पण हात कधी उभा पडायचा, कधी आडवा, आणि धार गोल व्हायची.

एकदा ती भाऊजींचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा, डबा द्यायला कारखान्यात गेली आणि परत आली ती उंबऱ्यातूनच बोलत. "धाकटे, मागावर आडवं सूत नेणारा धोटा बघितलास का? हजार येळा गेला तरी त्याच वाटेनं जातो. का? त्याला वाट दिलीया म्हणून. मग आपल्या दगडाला वाट दिली तर?"

मला काहीच कळलं नाही. ती समजावायच्या भानगडीत पडली नाही. तिनं एक जाड फळी घेतली. तिच्या एका कडेला सुरी आडवी बांधली, धार आपल्याकडं आणि पाठ पलीकडं. पाठीमागं वीतभर उंचीची पट्टी उभी ठोकली आणि तिला एकाखाली एक भोकं पाडली. सायकलच्या चाकाची तार घेऊन तिच्या एका टोकाला कुरुंदाचा तुकडा बसवला आणि दुसरं टोक भोकातून ओवलं. आता दगड मागं-पुढं केला की तो पात्यावर एकाच कलानं घासायचा. हाताला चुकायची मुभाच नव्हती. कल वाढवायचा तर वरचं भोक, कमी करायचा तर खालचं. एक बाजू झाली की सुरी उलटी बांधायची.

पहिल्या दिवशी मात्र फजिती झाली. तार वाकली, सुरी निसटली, आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की सासूबाई आतून ओरडल्या. मग तारेच्या जागी मोडक्या छत्रीची दांडी आली. सुरी निसटू नये म्हणून खाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातला. लाकडातलं भोक झिजून दांडी डुगडुगायला लागली, तेव्हा मी म्हटलं, "बुटाच्या नाडीच्या भोकाला पितळी कडं असतं की. ते बसवू या." अक्कानं माझ्याकडं बघितलं आणि पाठीवर थाप मारली. माहेर सोडल्यापासून मला कुणी शाबासकी दिली नव्हती.

शेवटचा हात शाळेच्या फुटक्या पाटीच्या तुकड्याचा. कुरुंदानं धारेचा बारीक काठ पलीकडं वळतो, नखाला लागतो. पाटीच्या दगडावर पाणी टाकून तो हलक्या हातानं काढायचा. मग अक्का सुताचा एकच धागा चिमटीत लोंबता धरायची आणि त्यावर सुरी नुसती टेकवायची. धागा खाली पडला की म्हणायची, "झालं. आता ही सुरी भांडायची न्हाय."

मला मुलगा झाला त्या साली घरातलं बोलणं बदललं. त्याला मांडीवर घेऊन सासूबाई म्हणायच्या, "थोरल्याच्या नावाला बी कुणी पायजे." भाऊजी मान खाली घालून जेवायचे. अक्का कापत राहायची.

भाऊजींच्या दुसऱ्या लग्नासाठी गावाकडची एक मुलगी ठरली, तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं, "तुम्ही बोला." तो म्हणाला, "मी धाकटा. माझं कोण ऐकणार?" मग मीच सासूबाईंसमोर उभी राहिले. "आत्याबाई, अक्काला कुठं पाठवू नका. आम्ही दोघी एका पोळीत भागवू."

"तुला कुणी इचारलंय?" त्या म्हणाल्या.

अक्कानंच मला हाताला धरून बाहेर नेलं. "गप बस. तुझं लेकरू लहान हाय. उद्या तुला बी दार दावतील."

तिचा भाऊ न्यायला आला, तेव्हा भर दुपार होती. तिची एक पत्र्याची पेटी. मी फळी उचलून तिच्यापुढं धरली. "ही तुमची आहे, घेऊन जा."

"तितं मी काय कापणार?" ती म्हणाली. "र्‍हाऊ दे तुला." माझ्या मुलाच्या गालाला तिनं बोट लावलं. भाऊजी त्या दिवशी कामावर गेले होते.

नवी जाऊ आली. सोळा-सतरा वर्षांची, घाबरलेली. तिचा राग करायचा मी ठरवलं होतं, पण ते जमलं नाही. मी एकटी धार लावू लागले. एक कोडं आम्हाला तेव्हा कधी सुटलं नव्हतं. सुरीच्या टोकाकडं धार लागतच नसे, मुठीकडं मात्र छान. एकदा घासता घासता मला उमगलं की टोक भोकापासून लांब पडतं, म्हणून तिथं दगड आडवा होतो आणि धारेला टेकतच नाही. मी सुरी सोडली, टोक पट्टीसमोर येईल अशी सरकवून परत बांधली. सबंध पात्याला सारखी धार आली. मी मागं वळून "अक्का" म्हणून हाक मारली. मागं नवी जाऊ उभी होती.

पुढं सासरच्या नात्यातल्या एका लग्नासाठी माळशिरसला गेलो, तेव्हा नवऱ्याला सांगून मी जवळच असलेल्या अक्काच्या भावाच्या वस्तीवर गेले. ती शेळ्यांपुढं पाला टाकत होती. किती वाळली होती. मला बघून तिनं पदर सावरला.

"या, बसा," ती म्हणाली. "तुमी कवा आला?"

मला ती कधी 'तुम्ही' म्हणाली नव्हती. मी फळीबद्दलच सांगू लागले. टोकाचं कोडं सुटलं म्हणाले. तिचे हात थांबले.

"कसं सोडवलंस?"

"सुरी सरकवून दोनदा बांधते."

ती पाल्याची काडी मातीत ओढून बघू लागली. भोक इथं, टोक तिथं. "व्हय की गं," ती म्हणाली. "दगड तितं आडवा पडतो. मला कसं सुचलं न्हाय?" क्षणभर ती माझी अक्का झाली होती. तेवढ्यात आतून भावजयीनं हाक मारली आणि ती उठली. निघताना तिनं मला कुंकू लावलं. तिच्या स्वतःच्या कपाळावरही होतं, भाऊजींच्या नावाचं.

पुढच्या उन्हाळ्यात ती गेली. पोटात दुखत होतं, कुणी दवाखान्यात नेलं नाही, एवढंच कळलं. निरोप आला तोवर तिचं तेरावंही होऊन गेलं होतं. सासूबाईंनी भाऊजींच्या डोक्यावर सुतकाचं पाणी घातलं. ते ओल्या अंगानं बराच वेळ मोरीत बसून राहिले, मग कपडे घालून कारखान्याच्या पाळीला गेले.

मी टॉवेलांच्या ढिगापुढं बसले. हातात सुरी होती, पण चालवता येत नव्हती. नवी जाऊ हळूच येऊन शेजारी बसली. तेव्हा तिला दिवस गेले होते.

"ताई," तिनं विचारलं, "त्या कशा होत्या?"

त्या घरात असं कुणी कधी विचारलं नव्हतं. मी सांगायला तोंड उघडलं आणि मला हुंदका आवरेना. ती पोर माझा हात धरून बसून राहिली. तीही रडत होती. कुणासाठी, ते मी विचारलं नाही.