पोटातले लाल धागे

बिघडलेल्या वस्तूला आमचे हे आधी हात लावत नाहीत, नुसते बघत बसतात. साकीनाक्याच्या वर्कशॉपमध्ये ह्यांनी तीस वर्षं लेथवर काढली. मशीन अडलं की बाकीचे पाना घेऊन धावायचे आणि हे स्टूल घेऊन. घरातही तेच. मिक्सर बंद पडला की त्याच्यासमोर अर्धा तास समाधी, आणि इकडे माझं वाटण वाळतंय. लग्नानंतरची पहिली दहा वर्षं ह्या सवयीने माझं डोकं फिरायचं. पुढे लक्षात आलं, ह्यांनी दुरुस्त केलेली वस्तू त्याच कारणाने पुन्हा कधी बिघडत नाही.

रिटायर झाल्यावर मरोळच्या आमच्या दोन खोल्यांत ह्यांनी काचेची टाकी आणली आणि तिच्यात एंजल माशांची जोडी सोडली. नखाएवढे आणलेले मासे चार वर्षांत तळहाताएवढे झाले. ह्यांनी सगळं शिस्तीत चालवलं होतं. पाणी आदल्या दिवशी भरून ठेवायचं, रविवारी थोडं थोडं बदलायचं. डबीतलं कोरडं खाणं दिवसातून दोनदा, तेही चिमटीने. मला ते बघवायचं नाही. आम्ही मालवणकडची माणसं. शिळी मासळी दारात आली तर मासेवालीचा उद्धार करणारी. आणि ह्या बिचाऱ्यांनी जन्मभर डबीतला भुसा खायचा?

सकाळी मैत्रिणींबरोबर मी पवईला फिरायला जायचे. तलावाच्या कडेला एक डबकं होतं, त्यात बारीक बारीक जीव उड्या मारत असायचे. मला वाटलं, कोळंबीचीच पिल्लं असणार. पर्समध्ये चहाची जुनी गाळणी आणि एक डबी ठेवायला लागले. मैत्रिणी म्हणायच्या, "वेडी झालीस का गं, आत मगरी आहेत." मगरींना माझ्या गाळणीत काय रस असणार! घरी आले की हे पेपर आणायला खाली उतरायची वाट बघायची. ते गेले की ओंजळीत तो खाऊ घेऊन हात टाकीत बुडवायचा. दोघं धावत यायचे. तळहाताला त्यांची तोंडं लागायची तेव्हा इतका आनंद व्हायचा की सांगता सोय नाही. दोन वर्षं हा चोरटा कारभार चालला.

मग मादी रोडावली. खायची, तरी पोट खपाटीला. नराने तर चिमटीतलं खाणं तोंडात घेऊन थुंकायला सुरुवात केली. दुकानदाराने मीठ सांगितलं, निळं औषध दिलं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! ह्यांनी ते औषध बाजूला ठेवलं, टाकीपुढे स्टूल मांडलं आणि भिंग घेऊन दोन दिवस बसले. तिसऱ्या दिवशी मला हाक मारली.

"इकडे ये. नर स्थिर झाला की शेपटीच्या पुढे खाली बघ."

मी बघितलं. शौचाच्या जागेतून शिवणाच्या दोऱ्याहून बारीक असे दोन-तीन लाल धागे बाहेर आले होते. मासा हलला आणि धागे आत गेले.

"जंत आहेत. आतड्याला धरून बसतात, रक्त पितात," हे म्हणाले.

चार वर्षं मीही त्याच काचेतून बघत होते. मला ते धागे दिसले नव्हते.

ह्यांनी ओळखीच्या जनावरांच्या डॉक्टरला फोन केला. उघड्या पाण्यातले अगदी बारीक जीव ह्या जंतांची पिल्लं पोटात घेऊन फिरतात, मासा ते जीव खातो आणि जंत त्याच्या पोटात वाढतात, असं डॉक्टरने सांगितलं. फोन ठेवून हे विचारात पडले. "पण आपण तर जिवंत काही घालतच नाही." चोराच्या मनात चांदणं! मी तांदूळ धुवायला आत गेले. सांगायची लाज वाटली, खरं म्हणजे भीती वाटली.

हे कारण शोधत राहिले. टाकीतली झाडं उपटून धुतली, दगड उकळले. शेळ्यांना देतात ते जंताचं औषध आणलं. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून खाण्यातूनच पोटात जायला हवं. छोट्या काट्यावर ते तोलून उकडलेल्या कोळंबीत कुटलं, लसणाचा रस घातला, चायना ग्रासमध्ये थापून तिळाएवढे तुकडे पाडले. मी इतकी वर्षं वड्या थापतेय, पण एवढ्या सारख्या कधी पडल्या नाहीत. मासे मात्र तुकडा तोंडात घेत आणि थुंकून टाकत. ते कसे खातील हे घरात एकट्या मला माहीत होतं, आणि मी तीन दिवस तोंडातून शब्द काढला नाही.

चौथ्या सकाळी नर तळाशी आडवा पडला होता. ह्यांनी त्याला जाळीने अलगद उचललं, पेपरमध्ये गुंडाळलं आणि तसेच खुर्चीत बसले. पुडी मांडीवर.

तेव्हा मी सगळं सांगितलं. डबकं, गाळणी, ओंजळ. "ती माझ्या हातून खाईल," म्हटलं.

"माका कित्याक सांगूक नाय गो?" मनाला लागलं की ह्यांची मालवणी बाहेर येते. मी डबक्यावरून बोलणी खायला तयार होऊन उभी होते. ह्यांनी एवढंच विचारलं, "हातातून खाते?"

मी तुकडे तळहातावर घेऊन हात पाण्यात घातला. मादी आली, एक घेतला, मग चार. थुंकले नाहीत. दोन-तीन दिवसांत लाल धागे ढिले पडून गळायला लागले. तळाशी पडलेलं पुन्हा माशाच्या पोटात जाऊ नये म्हणून हे रोज नळीने तळ ओढून काढायचे. एकदा पांढऱ्या बशीत एक जंत घेऊन भिंगाखाली मला दाखवला. "बघ पकड कशी आहे ती. लेथवर जॉब घट्ट धरायला असा चक मला कधी बनवता आला नाही." ज्याने नर मारला त्याचंही हा माणूस कौतुक करू शकतो! तेव्हा मला ह्यांचा अभिमान वाटला, आणि तो मी बोलून दाखवला. त्यावर हे "चहा टाक," म्हणाले.

एका फेरीत सगळे जंत जात नाहीत, म्हणून तीन आठवड्यांनी औषध पुन्हा द्यायचं होतं. मादीचं पोट तोवर भरलं होतं. मी तुकडे पाडले, तर हे बाही वर करून उभे.

"आज मी देऊ?"

मी ह्यांचं मनगट धरून हात पाण्यात नेला. "हलवू नका." हात जराही हलला नाही. मादी दोनदा जवळ येऊन मागे फिरली. तिसऱ्यांदा तिने ह्यांच्या बोटावरचा तुकडा उचलला. हे हसतील असं मला वाटलं होतं. हात तसाच पाण्यात ठेवून ह्यांनी विचारलं, "तोपण घ्यायचा हातातून?"

"हो," मी म्हटलं. "तोच आधी यायचा."