मी वाट सोडली

घोड्याला पाणी आधी मिळालं. मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो. आमचं गाव कोल्हारच्या पलीकडं, प्रवरेच्या काठाला. गावात मामलेदार यायचा तेव्हा शिवेपासून चावडीपर्यंत त्याच्या घोड्यापुढं महारानं धावायचं, अशी रीत होती. वाटेतली गुरं हाकायची, माणसं बाजूला करायची, साहेब आले म्हणून ओरडायचं. त्या वर्षी बाच्या टाचेला कुरूप झालेलं, म्हणून पाटलानं मला उभं केलं. दोन मैल धावलो. घोड्याच्या तोंडाचा फेस माझ्या मानेवर उडत होता, म्हणजे घोडं किती जवळ होतं ते समजून घ्या. चावडीपुढं थांबलो तेव्हा छाती फुटायला आली होती. घोड्यापुढं पाण्याची बादली आली. मी म्हणालो, "पाटील, घोटभर पानी."

"आधी घोडं पिऊ दे," पाटील म्हणाला.

घोडं प्यालं. तळाला उरलं ते पाटलाच्या गड्यानं उंचावरून माझ्या ओंजळीत ओतलं. त्यात घोड्याच्या तोंडची गवताची काडी होती. ती बोटानं काढली आणि प्यालो. मामलेदार पाटलाला म्हणाला, "घोड्यापेक्षा हा बरा. याला नाल ठोकावे लागत नाहीत." चावडी हसली. मीही हसलो. मोठी माणसं हसली की आपणही हसायचं, एवढी अक्कल मला त्या वयात होती.

घोड्यापुढं धावायचं ते हुकमानं. एरवी आमची रीत उलटी. मागं पाऊल वाजलं की वाट सोडायची. डोक्याचं फडकं काढून काखेत धरायचं, मान खाली घालायची आणि माणूस पुढं जाईपर्यंत कडेला उभं राहायचं. हे मला मायनं शिकवलं. पाच-सहा वर्षांचा असेन. बांधाच्या पायवाटेनं चाललो होतो, मागून कुणी येत होतं, मला भान नव्हतं. मायनं दंड धरून ओढलं ते थेट बाभळीच्या काट्यांत. काटा पायात मोडला. मी रडायला तोंड उघडलं तर तिनं तोंडावर हात दाबला. तो माणूस लांब जाईपर्यंत हात काढला नाही. मग खाली बसून तिनं दातांनी काटा काढला. स्वतः रडत होती आणि मला म्हणत होती, "पाय वाजला की सरायचं. इचार करायचा न्हाई. इचार करशील तर मार खाशील."

मी विचार करणं सोडलं. पाय आपोआप सरायला लागले.

पुढं मी सतरा-अठराचा झालो, तेव्हा दुसऱ्या लढाईच्या सालांत नगरची छावणी परदेशी पलटणींनी भरली होती. आमच्या पलीकडच्या गावात मिशनच्या शाळेत एक मास्तर होते. त्यांच्या आज्यानं ख्रिस्ती धर्म घेतलेला. मूळ आमच्यातलेच, पण वाटेनं चालताना मान वर करून चालायचे, आणि त्याबद्दल गाव त्यांना नावं ठेवायचं. गावचं टपाल घेऊन मी तालुक्याला धावत जायचो, ते त्यांनी पाहिलं होतं. एक दिवस मला हाक मारून म्हणाले, "छावणीत शर्यत आहे. विसाच्या आतल्या पोरांची. चार देशांची पोरं धावणार. रस्त्यानं नाही, रानातनं. सहा मैल."

"आमाला कोन धावू देतंय?" मी म्हणालो.

"मी छावणीच्या साहेबाशी बोललोय. पहिल्या तिघांत आलास तर छावणीत टपालाच्या कामाला ठेवतो म्हणालाय. कायमचा. मग मामलेदाराच्या घोड्यापुढं धावायचं संपलं."

त्या रात्री मी जेवलो नाही. भूकच लागली नाही. घोड्याचा फेस माझ्या मानेवरून जाणार होता, एवढंच डोक्यात होतं. बाला सांगितलं. तो नुसता माझ्या तळपायांना एरंडेल चोळत बसला.

मैदानावर गोरे होते, गुरखे होते, आफ्रिकेतून आलेले उंच काळे सोल्जर होते. जिल्ह्यातल्या शाळांमधली सात-आठ पोरं होती. त्यांत आमच्या पाटलाचा धाकटा, दौलत. नगरला बोर्डिंगात राहून शिकत होता. पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. मला बघून जवळ आला आणि म्हणाला, "ए, तू हितं कुनाच्या घोड्यापुढं आलास?"

मी जोहार घातला. शर्यतीच्या मैदानात, धावायला उभा राहिलेला मी, धावायला उभ्या राहिलेल्या त्याला.

पाण्याचं एक पिंप होतं आणि त्यावर एक पत्र्याचा मग. मी लांबच उभा होतो. तांबड्या केसांच्या एका गोऱ्या पोरानं मग भरून माझ्या हातात दिला. मी प्यालो. त्यानं तोच मग परत बुडवला आणि स्वतः प्याला. त्याला काही कळत नव्हतं, आणि मला वाटलं, आता कुणीतरी याला सांगणार. कुणी सांगितलं नाही.

बंदूक वाजली. पहिला मैल मी मागेच होतो. बूटवाले जोरात सुटले होते. मग नांगरट लागली आणि त्यांचे बूट ढेकळांत मुरगळायला लागले. मला ढेकळं म्हणजे अंगण. पुढं ओढा, मग टेकाड, मग काट्याकुट्यांचं रान. एकेकाला मागं टाकत गेलो. गुरखा टेकाडावर लई हुशार, तो उतारावर सापडला. तांबड्या केसांचा गोरा शेवटचा पुढं होता. त्याच्या बाजूनं गेलो तेव्हा त्यानं माझ्याकडं बघून दात दाखवले. आता माझ्यापुढं कुणी नव्हतं.

हे मला नीट सांगायचं आहे. माझ्यापुढं कुणी नव्हतं. जन्मात पहिल्यांदा मी धावत होतो आणि मागं घोडं नव्हतं. छाती भरून येत होती आणि मला हसू फुटत होतं, कुणी हसायला सांगितलेलं नसताना. छावणीचे तंबू दिसायला लागले. अर्धा मैल राहिला असेल. तिथं दोन बांधांमधली अरुंद पायवाट होती, कडेला बाभळी.

मागं पाऊल वाजलं.

कुणी हाक मारली नाही, कुणी बाजूला सर म्हणालं नाही. शपथेवर सांगतो. नुसतं पाऊल वाजलं, बुटाचं. आणि मी वाट सोडली. कडेला गेलो, डोक्याला बांधलेलं फडकं काढून काखेत धरलं, मान खाली घातली आणि उभा राहिलो. पांढरे बूट माझ्यापुढून गेले. मग तांबड्या केसांचा गेला. तो जाता जाता वळला, हात हलवून काहीतरी ओरडला. पळ म्हणत असणार. मी उभाच. गुरखा गेला. एक आफ्रिकेतला गेला. त्याच्या घामाचा थेंब माझ्या हातावर पडला तेव्हा मी जागा झालो. हातात फडकं, पायाखाली काटे, आणि पुढं चार पाठी.

मग जीव खाऊन धावलो. पाचवा आलो.

साहेबानं मास्तरांकरवी विचारलं, पुढं असताना का थांबला? मास्तर माझ्या तोंडाकडं बघत होते. मी म्हणालो, "काटा मोडला."

साहेबानं वाकून माझा पाय हातात घेतला. एका गोऱ्यानं माझा तळपाय हातात धरला आणि काटा शोधला. काटा नव्हता. त्यानं पाय खाली ठेवला. मास्तरांना कळलं होतं. आमच्यातल्या माणसाला ते सांगावं लागत नाही. परत येताना ते सबंध वाट मान खाली घालून चालले, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पहिला तो तांबड्या केसांचा आला. दौलत दुसरा. मी वाट सोडूनही तो पहिला आला नाही, हे मी त्याच्या तोंडावर कधी बोललो नाही. आता बोलतो. त्याला दुसऱ्या नंबराचा कप मिळाला. तो चावडीत ठेवला तेव्हा सगळा गाव बघायला जमला. आम्ही चावडीखाली उभे. दौलत सगळ्यांदेखत म्हणाला, "चार देशाची पोरं हुती. पर आपल्या गावच्या महाराला रीत म्हाईत हाय. कुनी न सांगता सरला." पाटलानं मान डोलावली. "गुनी लेकरू हाय," म्हणाला, आणि नारळाची अर्धी वाटी माझ्याकडं टाकली. ती मातीत पडली.

घोड्याचं उष्टं पाणी मी विसरलो असतो कदाचित. हे कौतुक विसरलो नाही. शिवी दिली असती तर ती त्यांची राहिली असती. पण ते खरं बोलत होते. कुणी न सांगता सरलो होतो. नारळ मी उचलला नाही. बानं उचलला, धुतला आणि घरी आणला. माय म्हणाली, खा. मला मायचा राग आला, आणि त्या रागाची लाज वाटली. ती दोन्ही मला आयुष्यभर पुरली आहेत.

त्यानंतर पाऊल माझ्या मागं लागलं. पाण्याला निघालो की मागं बूट वाजायचे. वळलो तर कुणी नसायचं. मळणीत बैलांमागं चालताना, ओढ्यात, झोपडीत भाकरी खाताना. दचकून कडेला व्हायचो आणि मग कळायचं की मी एकटाच आहे, फडकं काखेत घेऊन उभा. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. ही खोड माझी नव्हती. माझ्यात घातलेली होती, काट्यासारखी, आणि ती दातांनी काढणारं कुणी नव्हतं.

सुगी झाल्यावर मामलेदार आला. पाटलानं मला शिवेवर धाडलं. धावायला लागलो. मागं टापा वाजत होत्या, मानेवर फेस उडत होता. गाव दिसायला लागलं तिथं मी थांबलो. वाटेच्या मधोमध. वळलो आणि घोड्याकडं तोंड करून उभा राहिलो. पाय सरायला बघत होते, जनावरासारखे ओढत होते. मी बोटं मातीत रोवली.

घोडं माझ्या छातीपाशी येऊन थांबलं. मामलेदार म्हणाला, "वाट सोड."

मी म्हणालो, "कडंनं जागा हाय. तुमी जावा."

तो काही म्हणायच्या आत कडेच्या शेतातून बा पळत आला. पायाचं कुरूप फुटलेलं, टाचेला रक्त. माझ्याकडं त्यानं बघितलंही नाही. वाकून जोहार घातला, "लेकराची चूक पोटात घाला मायबाप," म्हणाला, आणि घोड्यापुढं धावायला लागला. माझा पन्नाशीचा बा. लंगडत, ओरडत, साहेब आले, साहेब आले. घोडं माझ्या कडेनं वळसा घालून त्याच्या मागं गेलं.

मी तिथंच उभा होतो. तो आवाज चावडीपर्यंत ऐकला.

त्या वर्षी आमचं बलुतं बंद झालं. बा पुढं दोन वर्षं जगला आणि माझ्याशी बोलला नाही. मेला तेव्हा त्याची टाच मी हातात घेऊन बसलो होतो. मी मोठं काही केलं असं मला कुणी सांगू नये. मी थांबलो आणि माझा बा धावला. हे दोन्ही एकाच वाटेवर झालं, आणि त्यातलं एकही मला पुसता येत नाही.

पाऊल अजून वाजतं. आता केस पिकले तरी वाजतं. प्रत्येक वेळी पाय सरायला बघतात आणि प्रत्येक वेळी मी त्यांना धरून ठेवतो. माझा पोरगा चालायला लागला तेव्हा त्याला मी वाटेच्या मधोमध सोडला आणि मागून स्वतः पाय वाजवत गेलो. तो कडेला झाला नाही. वळून माझ्याकडं बघून हसला. मी रोज तसं केलं. तो मोठा होईपर्यंत केलं. लोक वेडा म्हणायचे.

म्हणू देत. माझ्या घरातलं कुणी आता वाट सोडणार नाही. मागून येणाऱ्यानं कडेनं जावं.